नातीसाठी ओव्या, पाळणे आणि गोष्टी : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते ऑगस्ट २०२५

३ जून २०२४, वडगाव, बेळगाव

सूनबाईंना चौथा महिना लागला असून डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. येणाऱ्या बाळासाठी सासूबाईंच्या ओव्या, पाळणे आणि निजवतानाच्या गोष्टी गोळा करून ठेवाव्यात, असे मुलाने सुचवले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वेळ हाताशी असल्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम मी घेतले. मुलगा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. तिथल्या सवयीप्रमाणे त्याने लगेच 'काय, कोणाकडून, कधीपर्यंत' असा तक्ता आखून दिला. त्यात एक रकाना मी वाढवला : 'कोण गाणार'. तो सध्या रिकामा आहे आणि माझ्या मते सगळ्या कामाचा भार त्याच्यावरच आहे.

स्थिती अशी की सासूबाई सत्त्याऐंशीच्या आहेत. मला चाली येतात, पण शब्द अर्धेमुर्धे येतात. मुलाला दोन्ही येत नाही, आणि सूनबाई बैलहोंगल तालुक्यातल्या कानडी घरातल्या आहेत. रात्री बाळाला निजवणार मात्र हे शेवटचे दोघे. मुलगा लहान असताना मी खानापूर तालुक्यात शिकवत होते आणि पहाटेची बस गाठायची म्हणून लवकर झोपत होते. त्याला निजवायच्या त्या सासूबाई. नोकरी करणाऱ्या सुनांच्या बहुतेक घरांत असेच झाले असावे. आजी खंबीर होती म्हणून आईला शिकण्याची गरज पडली नाही, आणि ज्याच्यासाठी गायले जात होते त्याचे शब्द धरून ठेवण्याचे वय नव्हते.

२३ जून २०२४, जांबोटीच्या बाजूचे आमचे गाव

सासूबाई थोरल्या दिरांकडे राहतात. त्यांचे माहेर कणकुंबीकडचे, म्हणजे मलप्रभा जिथे उगम पावते तिथले. पावसाने आज कौलांवर असा जोर धरला होता की माजघरात बोललेलेही नीट ऐकू येत नव्हते, म्हणून आम्ही आतल्या कोठीच्या खोलीत बसलो. खुर्ची दिली, समोर फोन ठेवला आणि मी म्हटले, "आत्या, ती पावसाची ओवी म्हणा की."

"म्हण म्हटलं की कशी म्हणू, बाय? नुसतं बसून तोंडाला येत न्हाई."

खरोखरच आली नाही. पहिला चरण यायचा, दुसऱ्याला अडायचे, मग त्या हात झटकून म्हणायच्या, "गेलं बघ." अर्धा तास असाच गेल्यावर जाऊबाईंनी काही न बोलता तांदळाचे सूप आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. सासूबाई खडे निवडू लागल्या आणि बोटे दाण्यांतून फिरायला लागल्यावर ओव्या आपोआप सुरू झाल्या. एकीचे शेपूट धरून दुसरी, दुसरीचे धरून तिसरी. त्यातली मला हवी होती ती अशी :

पाऊस पडतो
कौलांवरी धार
माझ्या तान्ह्याला ऊबदार
गोधडी गं

ओवी हे कामाचे गाणे आहे, हे मी वर्गात शिकवत आले. परंतु काम हातातून काढून घेतले की शब्दही जातात, हे डोळ्यांसमोर घडताना आज पाहिले. दुपारी पडवीतले जुने जाते पुसून घेतले. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासून टाके झिजतात, म्हणून जाऊबाईंनी त्यात मूठ मूठ नाचणी घातली. सासूबाईंना आता खुंटा ओढवत नाही. ओढला जाऊबाईंनी, हात नुसता वर ठेवला सासूबाईंनी. तेवढ्यानेही ओव्यांची लय बदलली. पहिले तीन चरण खुंट्याबरोबर फिरतात आणि चौथा आखूड चरण येतो तेव्हा जात्याला घास घालायची वेळ झालेली असते. आवाज तिथे उतरतो, हात धान्याकडे जातो, श्वास घेतला जातो. संध्याकाळी त्यांनी रिकाम्या पाळण्याची दोरी हातात घेऊन तीच ओवी म्हटली, तेव्हा 'ऊबदार'वर दोरी ओढली आणि 'गोधडी गं' म्हणताना सैल सोडली. पाळणा तेवढा वेळ आपल्या झोक्याने हलत राहतो. मुलाला हे शिकवायचे तर शब्दांच्या आधी हात शिकवावा लागेल, अशी नोंद तक्त्यात केली.

७ जुलै २०२४, वडगाव

आजचा दिवस फायलींच्या व्यवस्थेत गेला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज जागा वाचवण्यासाठी फार दाबला जातो आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातली घरघर व ओढ त्यात सपाट होते, म्हणून मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये ठेवायचे ठरले. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच वाहिनी असे धरले तर मिनिटाला पावणेसहा एमबीच्या आसपास जागा लागते, ती आजच्या फोनला जड नाही. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, भिंतीला गोधडी टांगलेली, एवढी तयारी पुरते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवल्या असून एक गावी दिरांच्या कपाटात राहील.

नोंदवहीचा साचा मी पुण्याच्या कामावरून घेतला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका लिहून ठेवला. ओवी 'लोकांची' म्हणून निनावी सोडून देण्याची जी सवय आम्हा शिक्षकांना असते, ती या कामाने मोडली. आमच्या वहीतही प्रत्येक ओवीपुढे ती कोणी म्हटली, तिला कोणी शिकवली आणि त्या वेळी हात काय करत होते, हे तीन रकाने आहेत.

४ ऑगस्ट २०२४, गावी

आज गोष्टी. चिऊकाऊची गोष्ट सासूबाई सगळ्यांसारखीच सांगतात, तिच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट मात्र त्यांनी पूर्णपणे आपल्या रानात आणून वसवलेली आहे. त्यांची म्हातारी लेकीकडे जाते ती भीमगडच्या जंगलातून. वाटेत तिला अस्वल भेटते, गवा भेटतो, आणि वाघ सगळ्यांत शेवटी, ओढ्याच्या पलीकडे. गवा म्हातारीला खात नाही, कारण तो गवत खातो. तो फक्त वाट अडवून उभा राहतो आणि म्हातारीला त्याचा निरोप घेऊन जावे लागते. भीमगड अभयारण्य जाहीर झाले २०११ मध्ये, पण तिथल्या जनावरांची माणसांशी असलेली ही शिस्तशीर ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून या गोष्टीत आहे. छापील पुस्तकात मी कधी गवा पाहिला नाही, म्हणून ही गोष्ट शब्दशः उतरवून घेतली.

सांगण्याची पद्धतही लिहून ठेवते. प्रत्येक जनावराशी होणारे बोलणे जवळजवळ त्याच शब्दांत परत येते आणि दर वेळी आवाज थोडा खाली जातो. वाघाशी बोलताना सासूबाई इतक्या हळू बोलल्या की फोनच्या पडद्यावरची रेघ हलेना. मुलगा म्हणाला की लहानपणी आपण वाघापर्यंत कधी पोचलोच नाही, गव्यालाच झोप लागायची. गोष्टीचा शेवट त्याने आज, चौतिसाव्या वर्षी, प्रथम ऐकला.

२५ ऑगस्ट २०२४, बैलहोंगल तालुका

सूनबाईंचे कुबस आज माहेरी झाले. आपल्याकडचे डोहाळजेवण तेच. हिरव्या बांगड्या, ओटी, जेवण झाल्यावर विहीणबाईंना मी प्रकल्पाबद्दल सांगितले आणि त्यांची गाणीही वहीत हवीत असे म्हटले. आमच्या घरात येणारे बाळ दोन्ही आज्यांचे असताना एकीच्याच ओव्या 'घराण्याच्या' ठरवणे मला पटत नव्हते.

विहीणबाईंना आढेवेढे नाहीत. खाली बसल्या, पाय लांब केले, पायांवर उशी ठेवून ती हलवत गायला लागल्या. त्यांचे जोगुळ, म्हणजे पाळणे, तीन ओळींच्या त्रिपदीतले आहेत आणि 'जो जो' त्यांच्यातही जागोजाग येते. दळतानाची गाणी त्यांच्याकडेही आहेत, बीसुकल्लिन पद म्हणतात. जोंधळा दळताना त्यांच्या आईने म्हटलेली. आमच्याकडे भात, नाचणी आणि चार महिने कोसळणारा पाऊस. त्यांच्याकडे काळी जमीन, जोंधळा, कापूस आणि उन्हाळ्यातला वारा. म्हणून सासूबाईंची ओवी बाळाला गोधडीत गुंडाळते आणि विहीणबाईंचे पद त्याला वारा घालते. इतक्या जवळच्या दोन तालुक्यांत हा फरक पडावा, याची मला मौज वाटली.

गोष्टींमध्ये एक अशी निघाली जी दोन्ही घरांची आहे. संगोळ्ळी रायण्णाचे गाव बैलहोंगल तालुक्यात आणि इंग्रजांनी त्याला १८३१ मध्ये फाशी दिले ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, जिथे त्याची समाधी आणि तिच्यावरचा वड आहे. विहीणबाई त्याचे लहानपण सांगतात. सासूबाई वडाखालून बाजाराला जात असत, म्हणून त्यांची गोष्ट वडापासून सुरू होते. सूनबाईंचे म्हणणे की फाशीची गोष्ट निजवताना नको. आज तरी ती 'मोठेपणी' या पानावर घातली आहे.

भीती घालण्यावरूनही चर्चा झाली. आमच्याकडचा बागुलबुवा आणि त्यांच्याकडचा गुम्मा, दोघांनाही सूनबाईंनी मनाई केली. त्यावर विहीणबाई हसल्या आणि म्हणाल्या की गुम्मा नसता तर तू स्वतः कधी झोपली नसतीस. गावी सासूबाईंना फोन लावून विचारले, तर त्यांचे मत शब्दाशब्दाने हेच पडले. निर्णय आईचा, म्हणून दोघेही तूर्त वहीतच राहतील.

६ ऑक्टोबर २०२४, वडगाव

मुलाने कुठूनतरी वाचून आणले की बाळाला पोटात ऐकू येते, तर आतापासून ओव्या लावून ठेवाव्यात. मी मूळ माहिती नीट पाहिली. १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या अर्भकांना चोखणीच्या लयीवरून आवाज निवडण्याची सोय करून दिली, तेव्हा ती परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज जास्त मिळवत, असे आढळले. पुढे १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला लावली, आणि जन्मानंतर बाळांनी अनोळखी गोष्टीपेक्षा तीच पसंत केली. काथलीन वेर्मके यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या नवजात बाळांच्या रडण्याचा चढउतारही वेगळा असतो, म्हणजे भाषेची चाल ती आतच ऐकून आलेली असतात.

या सगळ्यात काम करतो तो आईचा स्वतःचा आवाज. पोटाला स्पीकर लावण्याची गरज त्यातून कुठेच निघत नाही. सूनबाईंना फोनवर विचारले, तर त्या म्हणाल्या, "आई, मी मराठीत वाचले तर माझे उच्चार कानडीच येतात, चालेल का?" मी म्हटले, बाळाला तेच उच्चार ओळखीचे होणार आहेत. त्या कानडी शाळेत शिकल्या आहेत आणि मराठी वडगावच्या गल्लीत शिकल्या. वाचायला सोपी म्हणून त्यांनी भोपळ्याची गोष्ट निवडली. दिवेलागणीला रोज एकदा वाचतात आणि विहीणबाई समोर बसून गव्याचे बोलणे कानडीत म्हणतात, असे कळले.

५ डिसेंबर २०२४, बैलहोंगल तालुका

२२ नोव्हेंबरला नात झाली. बाळ, बाळंतीण दोघीही खुशाल.

पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे नामकरण काल तिथेच तेराव्या दिवशी झाले. नाव कानात सांगण्याचा मान दोन्हीकडे आत्याचाच असल्याने माझ्या मुलीने पाळण्याशी वाकून नाव सांगितले आणि पाठीवर सगळ्यांच्या थापा खाल्ल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झाले. मग सासूबाईंकडून घेतलेला पाळणा मी म्हटला. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे करत तो बाराव्या दिवशी बारशाला पोचतो. रामाचा, कृष्णाचा, शिवाजीमहाराजांचा पाळणा याच सांगाड्यावर उभा असतो आणि त्यामुळे तो विसरणे अवघड असते, कारण आकडाच पुढचे कडवे ओढून आणतो. बायकांनी धृपद लगेच उचलले. कानडी बोलणाऱ्या बायकांनाही त्यात अडण्यासारखे काही नव्हते.

१२ जानेवारी २०२५, गावी

वहीत आता साठच्या वर ओव्या, चार पाळणे, सात गोष्टी आणि विहीणबाईंची बारा पदे आहेत. हे सगळे कोणीही नातीसाठी रोज गाणार नाही. मुलाबरोबर बसून निवड केली, तिला कसोटी एकच लावली : अंधारात, कागद न बघता, एक हात अडकलेला असताना म्हणता येईल ते घ्यायचे. त्यात पावसाच्या आणि नदीच्या ओव्यांची एक माळ, एक पाळणा, विहीणबाईंची दोन पदे आणि भोपळ्याची गोष्ट एवढेच उरले. सासूबाईंची सर्वांत सुंदर ओवी, असे मी जिला म्हणेन, ती निवडीत आली नाही, कारण तिचे शब्द मुलाच्या जिभेवर बसत नाहीत. नदीची ओवी मात्र बसली :

मलप्रभा माय
डोंगर उतरली
माझ्या बाळाला पाहाया थांबली
उंबऱ्याशी

लेकाच्या ओव्यांचा प्रश्न आला. सासूबाईंच्या ओव्यांत राघू सोन्याचा असतो, वंशाचा दिवा असतो, आणि लेक ही परक्या घरची पाहुणी असते. मुलाला त्या वगळायच्या होत्या. मला त्या वहीत जशाच्या तशा हव्या होत्या, कारण त्या बायकांनी जे सोसले त्याचाच हिशेब त्यांत आहे. आम्ही दोघे सासूबाईंसमोरच वाद घालत होतो. त्या कंटाळून म्हणाल्या, "मी काय लिहून ठेवलंय व्हय? ल्योक असला तर राघू म्हणायचं, लेक असली तर मैना म्हणायची." आणि निवडणाच्या सुपावरून डोळे न उचलता त्यांनी 'अंगणी खेळतो राघू गं सोन्याचा, माझ्या घराच्या मानाचा, वंशदीप' ही ओवी अशी करून दाखवली :

अंगणी खेळते
मैना गं सोन्याची
दोन घरांच्या मानाची
लाडूबाई

'दोन घरांच्या' हे त्यांनी कुठून काढले, हे विचारल्यावर म्हणाल्या, "हाईतच की दोन." दोन्ही रूपे समोरासमोरच्या पानांवर लिहिली आणि दोन्हींपुढे गाणारीच्या रकान्यात त्यांचेच नाव घातले.

मुलाचा सराव कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत चालतो. आवाज वर जात नाही म्हणून तो खट्टू होता. निजवण्याच्या गाण्याला वर जाण्याची गरजच नसते, खालच्या पट्टीत म्हण, असे त्याला सांगितले.

२ मार्च २०२५, वडगाव

नात तीन महिने पूर्ण करून घरी आली. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत आणि शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत वाढलेल्या माणसाला त्यांची खटखट ऐकू येईनाशी होते, पण बाळाचे काय होईल अशी सूनबाईंना काळजी होती. पाळणा आम्ही मागच्या खोलीत, गल्लीपासून दूर बांधला. नात मागाच्या आवाजात झोपते. वीज जाऊन माग थांबले की दचकून उठते.

अडचण वेगळीच निघाली. मुलगा दोरी मागाच्या ठोक्यावर ओढू लागला आणि ओवी धावायला लागली; धावती ओवी ऐकून बाळ टक्क जागे. त्याला जूनमधले जात्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवले आणि दोरी मी माझ्या हाताने धरून त्याचा हात वर ठेवायला लावला. थोडा वेळ गेल्यावर माझा हात मी काढून घेतला. आता बरे जमते.

रात्री दोनच्या सुमारास सूनबाईंचा आवाज भिंतीपलीकडून आला. पावसाची ओवी त्यांनी बरोबर उचलली होती, परंतु चौथ्या चरणाला शब्द आठवला नाही म्हणून 'मलगु कंदा' (झोप, बाळा) असे म्हणून त्यांनी झोका सोडला आणि तसेच पुढे म्हणत राहिल्या. लांबीला ते चपखल बसते. सकाळी त्या ओशाळून विचारू लागल्या की चुकीचे शिकवले तर जाणार नाही ना. मी वही उघडून ती ओवी त्यांच्या नावावर, गाव वडगाव, हातात पाळण्याची दोरी, अशी नवीन क्रमांकाने लिहिली. सासूबाईंना हे कळवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "झोपलं न्हवं?"

१३ एप्रिल २०२५, वडगाव

डोस देण्यासाठी दवाखान्यात गेलो होतो, तिथे डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातले प्रकल्पापुरते लिहिते. बाळाला झोपेसाठी सपाट, टणक अंथरुणावर उताणे ठेवायचे. झोळीत मान पुढे झुकते, म्हणून जागेपणी, आपले लक्ष असतानाच थोडा वेळ झोके द्यायचे आणि डोळा लागू लागला की खाली ठेवायचे. म्हणजे गाण्याचा दुसरा अर्धा भाग झोक्याशिवाय म्हणावा लागतो. तिथे आम्ही छातीवर हलकी थाप धरतो आणि चौथ्या चरणाला थाप थांबवतो.

आत्याने प्रेमाने विचारले होते की आजीच्या ओव्यांचा, हलत्या चित्रांसह, एक व्हिडिओ करून टीव्हीवर लावता येईल का. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. तेव्हा रविवारी सासूबाई फोनवर दिसतात आणि गातात, तेवढे पुरे. ध्वनिमुद्रणही पाळण्याशी लावायचे नाही, असे मी ठरवून टाकले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी नवजात अतिदक्षता कक्षात ४५ डेसिबलच्या वर आवाज नको असे १९९७ मध्ये सुचवले होते, आणि साधे बोलणेच साठच्या घरात असते; पाळण्यातला स्पीकर कानापासून किती जवळ येतो याचा विचार कोणी करत नाही. शिवाय फोन गाऊ लागला की मोठी माणसे गप्प होतात, हे मी दोन घरांत पाहिले आहे. फायली मोठ्यांनी शिकण्यासाठी आहेत. बाळासमोर तोंडानेच म्हणायचे.

२९ जून २०२५, वडगाव

निवडलेल्या गाण्यांची छोटी पुस्तिका करायची आहे, आणि तिची लिपी हा महिनाभराचा विषय झाला. मुलगा देवनागरी वाचतो, सूनबाई दोन्ही लिप्या वाचतात पण कानडी झरझर, विहीणबाईंना देवनागरी येत नाही. म्हणून प्रत्येक गाणे दोन्ही लिप्यांत समोरासमोर छापायचे ठरले.

कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ते एकच. 'तॊट्टिल' (पाळणा) मधला ऒ आखूड न म्हटल्यास पदाची लयच लंगडते. युनिकोडमध्ये ऱ्हस्व ॆ आणि ॊ या मात्रा आहेत, त्या वापरल्या आणि पहिल्या पानावर त्यांची खूण सांगितली. डीटीपीवाल्याच्या एका फाँटमध्ये त्या चौकोन होऊन येत होत्या, दुसरा फाँट घेतला. उलट बाजूने अडचण च आणि ज यांची. चिऊतला च आणि चांदोबातला च आपल्याकडे लिहायला एक, म्हणायला दोन; कानडी लिपीतही ते एकच चिन्ह. दंत्य च, ज यांच्याखाली बिंदू दिला. विहीणबाईंनी पहिला छापील कागद वाचून 'चांदोबा' अगदी आपल्यासारखे म्हटले आणि मग विचारले की खाली सगळीकडे शाईचे डाग का पडलेत.

१७ ऑगस्ट २०२५, गावी

पुस्तिका छापून आली. दोन्ही आज्या, आत्या, दीर आणि घरी अशा प्रती वाटल्या. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून मुखपृष्ठावरचा पाळणा पाहिला आणि देव्हाऱ्यात ठेवली. नात आता बसते, रांगू पाहते, आणि पणजीच्या सुपातले तांदूळ जमिनीवर सारण्यात तिने दुपार घालवली. संध्याकाळी निजवायला मुलानेच घेतले. सासूबाई दारातून ऐकत होत्या. दोनदा त्यांनी चाल दुरुस्त केली, तिसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत.

मुलाच्या तक्त्यातला 'कोण गाणार' हा रकाना असा भरला आहे : ओव्या आणि पाळणा मुलगा, पदे सूनबाई, भोपळ्याची गोष्ट ज्याची पाळी असेल तो, गव्याचे बोलणे मात्र सूनबाईच, कारण ते आता कानडीत होते आणि नात त्याच्याकडेच कान देते. रायण्णाची गोष्ट विहीणबाईंकडून पूर्ण उतरवून घेणे बाकी आहे. जाऊबाईंचे माहेर चंदगडकडचे. गेले वर्षभर जात्याचा खुंटा ओढताना त्यांनी आपले काही येते असे एका शब्दाने म्हटले नव्हते, आणि आज भाकऱ्या थापताना वेगळ्याच चालीची ओवी गुणगुणू लागल्या. वहीत त्यांच्या नावाचे पान काढले आहे. ध्वनिमुद्रण दसऱ्याच्या सुट्टीत, पाऊस ओसरल्यावर करू, आणि ते चुलीपाशीच करावे लागेल.